मणिबेली : बुडालेल्या जमिनीचा उतारा



निवडणूक जवळ आली की मणिबेलीचे नाव पेपरात येते. अक्कलकुवा मतदारसंघाचा क्रमांक राज्यात पहिला आणि त्यातले पहिले मतदान केंद्र मणिबेलीचे. कर्मचारी यंत्रे घेऊन बार्जमधून पाण्यातून निघाले, असा फोटो छापून येतो. तो फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. दुसऱ्यांदा हे नाव येते ते पावसाळा सरता सरता, सरदार सरोवर भरले की. त्या बातमीत धरणाची पातळी मीटरमध्ये असते, किती दरवाजे उघडले ते असते, गुजरातेत जलपूजन झाले तेही असते. मधल्या दिवसांत मणिबेलीत माणसे काय पेरतात, काय खातात, कुठून दळून आणतात, याची बातमी होत नाही. ती व्हावी अशीही कोणाची तक्रार नाही. पण आपण एकाच जिल्ह्याचे लोक आहोत, आणि जमीन म्हणजे काय हे आपल्याला सांगावे लागत नाही. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी नकाशा डोळ्यापुढे आणा. नर्मदा महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरून जेमतेम ५४ किलोमीटर वाहते, आणि ती सारी लांबी आपल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरांना लागून आहे. मणिबेली या पट्ट्याच्या पश्चिम टोकाला, म्हणजे धरणाच्या सर्वांत जवळ. त्यामुळे महाराष्ट्रातल्या ३३ बुडीत गावांपैकी पाणी पहिल्यांदा शिरले ते मणिबेलीत. इथेच शूलपाणेश्वराचे जुने देऊळ होते. नर्मदा परिक्रमेची पुस्तके वाचणाऱ्यांना 'शूलपाणीची झाडी' म्हटले की परिक्रमावासींना लुटणारे भिल्ल आठवतात. पुढे त्या झाडीतल्या लोकांचे घर-दार, देव आणि शेत गेले, ते वाचणाऱ्यांच्या लक्षात फारसे राहिले नाही. देवळाला गुजरातेत गोरा इथे नवी जागा मिळाली. देवाचे पुनर्वसन तेवढे वेळेवर झाले, असे तिकडची माणसे हसत हसत सांगतात.

बातम्यांचे दिवस

१९९१ ते १९९४ ही चार वर्षे मणिबेलीत देशोदेशीचे पत्रकार येत होते. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी झाला. त्या आधी हे सगळे धुळे जिल्ह्यात मोडत होते, आणि धुळ्याहून मणिबेलीला पोचणे म्हणजे मुंबईला जाऊन येण्याइतके काम. मेधा पाटकर यांनी १९८६ मध्ये इकडच्या गावांत नर्मदा धरणग्रस्त समिती उभी केली होती. पुढे नर्मदा बचाओ आंदोलन झाले. १९९१ च्या पावसाळ्यात मणिबेलीत सत्याग्रह सुरू झाला. 'डूबेंगे पर हटेंगे नहीं' ही घोषणा तेव्हाची. नंतरच्या दोन वर्षांतही पावसाळा जवळ आला की गावात पोलिसांचा मोठा बंदोबस्त असायचा. १९९३ च्या पावसाळ्यात घरांत पाणी शिरले. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला अक्राणीतल्या चिंचखेडीला सर्वेक्षणाच्या वादात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पंधरा वर्षांचा एक आदिवासी मुलगा त्यात गेला. फेब्रुवारी १९९४ मध्ये धरणाच्या तळाची दारे बंद करण्यात आली, आणि त्यानंतर पाणी उतरून पूर्वीचा काठ पुन्हा दिसेल ही आशा संपली.

या छोट्या गावाच्या नावाने जगात काय झाले तेही ऐका. जागतिक बँकेने १९८५ मध्ये या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. विस्थापितांचा प्रश्न गाजल्यावर बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांची समिती नेमली. १९९२ च्या जूनमध्ये तिने सांगितले की, ज्या पद्धतीने हे पुनर्वसन चालले आहे त्या पद्धतीने ते होणार नाही. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनेच उरलेले कर्ज नको म्हणून कळवले. १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या : बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवावे. त्याचे नाव 'मणिबेली जाहीरनामा'. वॉशिंग्टनच्या टेबलावर मणिबेलीचे नाव पोचले. आपल्या तहसील कचेरीत मात्र त्या गावच्या माणसाला 'कुठलं म्हणालास?' असे विचारले जात होते.

धरण हवे की नको, या वादात मी इथे शिरत नाही. कच्छ आणि सौराष्ट्राची तहानही खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बांधकामाला परवानगी दिली, जून २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरले. तो वाद न्यायालयापुरता संपला. पण पेपरांनी दोन बाजू करून टाकल्या, एक विकासाची आणि एक विरोधाची, आणि त्या दोन बाजूंच्या मधल्या फटीत शेतकरी पडला. त्याचा प्रश्न साधा होता : माझी जमीन गेली, तिच्या बदली जमीन कुठे आहे, आणि ती कशी आहे?

दोन माप ज्वारीची जमीन

विस्ताराच्या कामावर फिरताना बुडितातून आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी सहज विचारले, "बाबा, तिकडं जमीन किती होती तुमची?" ते म्हणाले, "दोन माप ज्वारी पेरायची, साहेब. वरचं मोराचं रान वेगळं." फॉर्मवर मला हेक्टर आणि आर लिहायचे होते. पण विचार करा, त्यांचे उत्तर चुकीचे होते का? उताराची जमीन, कुठे मुरूम, कुठे दगड, कुठे पाच हात रुंद माती. तिचे क्षेत्रफळ काढण्यापेक्षा तिला बी किती लागते हे सांगणे जास्त शहाणपणाचे. आपल्याकडेही आजोबांच्या काळी पायलीची जमीन, खंडीची जमीन असेच बोलत.

या डोंगरात जमीन तीन प्रकारची होती. नदीकाठची गाळाची पट्टी : पाणी ओसरले की ओलीवर हरभरा, भाजी, टरबूज, खताचे नाव नको. तिच्यावर घराभोवतीचे वाडगे : मका, वाल, भोपळा. आणि वर उतारावर नेवाड, म्हणजे जंगल तोडून केलेले शेत : ज्वारी, तूर, उडीद, अंबाडी एकाच रानात, आणि अगदी हलक्या जागी मोर, बर्टी, भादली. यातले काही ना काही कोणत्याही पावसात हाती लागायचेच. शिवाय मोह, चारोळी, तेंदू, आंबा, डिंक, नदीतली मासळी. पेरणी-कापणीला मजूर लावायची पद्धत नाही, लाहा. आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या, ज्याच्या शेतात काम त्याच्याकडे जेवण.

यातले सातबाऱ्यावर किती होते? वाडगे आणि काठाची थोडी जमीन. नेवाड वन खात्याच्या दृष्टीने अतिक्रमण, मोह सरकारचा, नदी कोणाचीच नाही. म्हणजे माणूस ज्याच्यावर जगत होता त्याचा मोठा भाग कागदावर नव्हताच. आणि जे कागदावर नाही ते बुडाले तरी बुडाले असे म्हणता येत नाही. या विषयाची सारी गोम इथे आहे. तलाठी आणि ग्रामसेवक भाऊंनी यावर जरा थांबून विचार करावा.

निवाड्यात काय लिहिले होते

नर्मदा पाणी तंटा लवादाचा अंतिम निवाडा डिसेंबर १९७९ चा. आपले बरेच सरपंच समजतात की विस्थापितांना जे मिळाले ती सरकारची मेहेरबानी. तसे नाही. निवाड्यातच लिहिले होते की, ज्या खातेदाराची पाव हिश्श्याहून जास्त जमीन जाईल त्याला किमान २ हेक्टर ओलिताची जमीन द्यावी. सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब धरावा. आणि पाणी चढण्याच्या किमान एक वर्ष आधी जमीन व घराची जागा द्यावी. साठ फूट बाय नव्वद फूट घराला जागा, शंभर कुटुंबांमागे तीन खोल्यांची शाळा, पन्नास कुटुंबांमागे गुरांच्या हाळासकट विहीर, पाचशे कुटुंबांमागे दवाखाना आणि बी-बियाण्याचे कोठार. पन्नास कुटुंबांमागे झाडाचा एक पारसुद्धा लिहिला आहे. लिहिणाऱ्याने खेडे पाहिलेले असावे.

पण अंमलबजावणी कागदाला धरून होते, आणि कागद तर वर सांगितल्यासारखा. सज्ञान मुलगा म्हणजे कोणत्या तारखेला सज्ञान? जन्म 'मोठ्या पुराच्या आधीच्या होळीला' झालेला, त्याला जन्मतारीख कुठली? शाळेचा दाखला नाही, कारण शाळा कागदावरच होती. (म्हणून तर आंदोलनाने या खोऱ्यात जीवनशाळा काढल्या. त्यातली एक मणिबेलीतही चालली.) नोटिसा मराठीत, घरात बोली वसावी किंवा भिलोरी. वाट पाहण्यात दहा-वीस वर्षे गेली, आणि तेव्हा पाळण्यात असलेली पोरे बाप झाली. त्यांचा हिस्सा कोणत्या तारखेने मोजायचा? १५ मार्च २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान मुलाचा जमिनीचा हक्क पुन्हा सांगितला. एकच गोष्ट निवाड्यात १९७९ साली, आणि न्यायालयात २००५ साली. मधल्या सव्वीस वर्षांत एका शेतकऱ्याचे पिकाचे किती हंगाम होतात ते तुम्ही मोजा.

राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती एस. एम. दाऊद यांची समिती २००१ मध्ये नेमली, तीही याच कारणाने : महाराष्ट्राच्या ३३ गावांत किती माणसे खरोखर उरली आहेत, किती 'घोषित' आणि किती 'अघोषित'. हे दोन शब्द आपल्या जिल्ह्यात घरोघर माहीत झाले. घोषित म्हणजे ज्याचे नाव यादीत आहे. अघोषित म्हणजे ज्याचे फक्त शेत पाण्यात आहे.

एक घर तीन ठिकाणी

बातमीत 'गावाचे स्थलांतर' असे म्हणतात. गाव उचलून ठेवता येत नाही. मणिबेलीचे काही लोक गुजरातेत परवेट्याला गेले, त्या वेळच्या वडोदरा जिल्ह्यात. काही तळोदा-अक्कलकुव्याच्या बाजूला सपाटीवरच्या वसाहतींत आले. काही हललेच नाहीत. पाणी चढले तसे घर मोडून वर बांधत गेले, दोनदा, तीनदा. सागाच्या दांड्या आणि बांबूचे ताटवे असलेले घर उचलता येते म्हणून ते शक्य झाले. आज अशी घरे आहेत की एक भाऊ परवेट्याला, एक वसाहतीत, आई-बाप वर डोंगरावर. एकाच्या मुलांची शाळा गुजरातीत, दुसऱ्याच्या मुलांची मराठीत. लग्नाला देज ठरवायला बसायचे तर तीन ठिकाणांहून माणसे यायची, त्यातली काही बोटीने.

तळोद्याकडच्या जमिनीचीही गोष्ट सांगायला हवी. पुनर्वसनासाठी केंद्र सरकारने तळोद्याचे राखीव जंगल मोकळे केले : १९९० मध्ये २,७०० हेक्टर, १९९४ मध्ये आणखी १,५००. पण त्या जंगलात आधीपासून तिथलेच आदिवासी कसत होते. एकाला जागा द्यायची म्हणून दुसऱ्याला उठवायचे, दोघेही भिल्ल, दोघांकडेही कागद नाही. त्या काळी तिथे बराच ताण होता, आणि बाहेरचे लोक 'आदिवासींत भांडणे' एवढेच छापत.

मिळालेली जमीन आपल्या हिशेबाने चांगली. काळी, खोल, सपाट. पण शेतकरी बंधूंनो, उताराच्या मुरमाड रानात वाढलेल्या माणसाला खोल काळ्या रानात उभे केले तर काय होते, ते आपण विस्ताराच्या लोकांनी ओळखायला हवे होते. पहिल्या पावसात वाफसा कधी येतो ते कळत नाही, औत चिखलात रुतते. उन्हाळ्यात भेगा. हलक्या जमिनीतला मोर तिथे पडतो, लोळतो. तणाची जात नवी. चराईला रान नाही म्हणून शेळ्या आणि गुरे आधी विकली. मग शेणखत नाही. मग रासायनिक खत उधारीवर. शेजाऱ्याचे पाहून कपाशी लावली. २०१७ पासून गुलाबी बोंडअळीने सगळ्यांनाच जेरीस आणले, तसे यांनाही. वसाहतीतल्या एका बाईंनी मला एकदा सांगितले, "तिथं मीठ आणि तेल तेवढं विकत आणायचो, साहेब. इथं मीठ-तेलाबरोबर बाकीचं सगळंही आणावं लागतं." पण त्यांनीच पुढे हेही सांगितले, की इथे दवाखाना आहे, मुलगी बारावी झाली, आणि रात्री कोणी आजारी पडले तर झोळी करून न्यावे लागत नाही. परत जाल का विचारल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. असले गप्प बसणे बातमीत बसवता येत नाही.

टापूवर

जे वर राहिले त्यांची अवस्था वेगळी. डोंगराच्या सोंडा पाण्यात उतरलेल्या आहेत. पाणी चढले की सोंडेची पाठ तेवढी वर राहते, बाकी तिन्ही बाजूंनी पाणी, कधी चारी बाजूंनी. त्याला लोक 'टापू' म्हणतात. टापूवरचे शेत बुडीत नाही. म्हणून मोबदला नाही. पण तिथे पोचायला बोट लागते, बैल नेता येत नाहीत, मळणी केलेले धान्य उतरवता येत नाही. मोजणीच्या नकाशात ती जमीन सुरक्षित, आणि जमीन कसणारा अडकलेला. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पूर्ण भरले तेव्हा ही गोष्ट उघड्या डोळ्यांनी दिसली.

पाणी उतरल्यावर मोकळ्या होणाऱ्या जमिनीला आपण गाळपेर म्हणतो. राज्यातल्या इतर धरणांवर गाळपेरीसाठी जमीन वर्षाच्या बोलीने देतात आणि त्यात धरणग्रस्ताला अग्रक्रम असतो. इथे अडचण अशी की, पाणी कधी उतरेल हे पावसावर ठरत नाही. वरच्या धरणांतून किती सोडले, केवडियाला वीज किती तयार करायची, यावर पातळी ठरते. हरभरा पेरून महिना झाला आणि पाणी पुन्हा चढले तर बी गेले. शिवाय गाळ इतका खोल की वरून कोरडा दिसतो आणि पाय ठेवला की कमरेपर्यंत. पाण्यावर उतरलेली गुरे रुतून मरतात. ज्यांना जमते ते मासेमारीकडे वळले, सहकारी संस्था काढल्या. नदी वाहती होती तेव्हाची मासेमारी निराळी आणि साठलेल्या पाण्यातली निराळी. त्याला मोठी जाळी लागतात, बोट लागते, डिझेल लागते.

बोटीवाचून तर काहीच हलत नाही. आरोग्य खात्याचा तरंगता दवाखानाही बोटीवरच. आणि बोटीचा भरवसा किती? १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यातल्या भुषा इथे पूजेला निघालेली बोट उलटली. त्यात लहान मुलेही गेली. तीही बातमी झाली. दोन दिवस.

विजेचेही सांगून टाकतो. धरणाची वीजनिर्मिती क्षमता १,४५० मेगावॅट, त्यात महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. धरणाचे दिवे दिसणाऱ्या या काठावरच्या घरांत मात्र अनेक दशके रॉकेलची चिमणी होती. पाण्यात महाराष्ट्राचा वाटा ०.२५ दशलक्ष एकर फूट, म्हणजे १०.८९ टीएमसी. ते पाणी बोगद्याने इकडे आणण्याच्या योजनांवर आपल्या जिल्ह्यात आशेने बोलले जाते. बोलताना ज्यांच्या वाडग्यावर ते पाणी उभे आहे त्यांचा पहिला नंबर असावा, असे माझे वैयक्तिक मत आहे.

आता गावच्या कारभाऱ्यांसाठी

उकाईचे पाणी नवापूरला शिरले तेव्हाचे धरणग्रस्त अजून भेटतात. मुळशीचा सत्याग्रह तर १९२१ चा. म्हणजे हा प्रश्न एका मणिबेलीचा नाही. तुमच्या गावी वसाहत असेल किंवा तुमचे गाव काठावर असेल, तर काही कामे गावपातळीवरच होणारी आहेत, त्याला मंत्रालयाची वाट पाहायला नको.

पहिले म्हणजे वनहक्क. २००६ च्या कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वी कसत असलेल्या आदिवासीला दावा करता येतो. वर उतारावर नेवाड कसणाऱ्याचा दावा ग्रामसभेपुढे यायला हवा, आणि पुरावा म्हणून जुन्या दंडाच्या पावत्यासुद्धा चालतात. वन खात्याने बापाला केलेला दंड मुलाच्या हक्काचा पुरावा होतो, हे ज्याला कळले त्याने पेटीतला कागद जपला. वडीलधाऱ्यांचे जबाबही नियमात बसतात; ते ऐकणारा ग्रामसेवक मात्र हवा. दुसरे, टापूवरच्या जमिनीचा पंचनामा पाणी भरलेले असताना करा. मे महिन्यात गेलात तर तिथे गाडीवाट दिसेल आणि तुम्ही तसेच लिहाल. बरोबर पोलीस पाटील आणि तिथला शेतकरी असू द्या, बोटीला किती वेळ लागला तेही लिहा. तिसरे, वसाहतीतल्या पोरांची वारसनोंद. मूळ खातेदार आता म्हातारे झाले किंवा गेले. २ हेक्टरवर पाच नावे लागण्याआधी निदान ती लागली पाहिजेत, नाहीतर पीककर्जही नाही, पीकविमाही नाही, नुकसानभरपाईही नाही.

राहता राहिले बियाणे. निवाड्यात पाचशे कुटुंबांमागे बी-बियाण्याचे कोठार लिहिले होते, पण डोंगरातला मोर, बर्टी, भादली कोणत्याच कोठारात नव्हते. ते बायकांच्या कणगीत होते, राखेत घोळून, मोहाच्या पानात बांधून. काही वाण वसाहतीत आल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांतच संपले, कारण काळ्या रानात ते आले नाहीत आणि बी मोडून खाल्ले. आज भरड धान्याला भाव आहे, शहरातले लोक शोधत येतात. वर राहिलेल्या घरांत, आणि सपाटीवर हलकी जमीन मिळालेल्यांकडे, थोडे जुने बी अजून आहे. ज्यांच्याकडे ते असेल त्यांनी येत्या मृगाआधी आपल्या गावच्या कृषी सहायकाकडे वाणाचे नाव, किती दिवसांत येतो आणि कसल्या रानात येतो एवढे सांगून ठेवावे. एक-दोन मूठ बी दिले तरी पुरे. वर्षभरात त्याचे पायलीभर करता येते.